पाणी की मीठ?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. टल्साहून पूर्वेला सव्वा तास गाडी हाकली की टॅलेक्वा येतं. ही चेरोकी नेशनची राजधानी. तिथून पुढे स्टिलवेलच्या बाजूला डोंगर सुरू होतात. ओकची, हिकरीची झाडं, मधूनच एखादा ओढा, आणि एकमेकांपासून लांब लांब घरं. त्या घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर उठवणं, बसवणं, चालवणं हे माझं काम. २०१९ च्या ऑक्टोबरात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींकडे मी जायला लागले. नाव सांगत नाही. पेशंटचं नाव सांगायचं नसतं, आणि त्यांना ते आवडणारही नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये चेरोकींच्या तिन्ही शासनांनी एकत्र येऊन भाषेची आणीबाणी जाहीर केली होती. ओक्लाहोमातलं चेरोकी नेशन, तिथलीच युनायटेड कीटूवा बँड आणि नॉर्थ कॅरोलायनातली ईस्टर्न बँड, असे हे तिघे. अस्खलित बोलणारे साधारण दोन हजार उरले होते आणि त्यातले बहुतेक साठीपुढचे. चेरोकी नेशनचे नागरिक आज साडेचार लाखांवर आहेत. हा हिशेब कुणी करून दाखवायला नको.

मी कुडाळची. माझा चेरोकी भाषेशी संबंध काय, असं विचाराल तर काही नाही. आजींच्या घरी आठवड्यातून दोनदा पाऊण तास, मग महिन्यातून एकदा, मग नुसतीच ओळख म्हणून. एवढ्यात जे समजलं ते आकडे घालून लिहिते. फायलीत नोंदी करायची सवय आहे, म्हणून आकडे.

१. लिपी आली म्हणजे भाषा आली असं नव्हे

टॅलेक्वातल्या रस्त्यांच्या पाट्या दोन लिप्यांत आहेत. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा वाटलं, कुणीतरी इंग्रजी अक्षरं पिशवीत घालून हलवली आणि ओतली. डीसारखं दिसतं ते 'आ'. आरसारखं 'ए', टीसारखं 'इ', एचसारखं 'मि', आणि एमसारखं चक्क 'लु'. ही लिपी सिक्वोया नावाच्या चांदीकाम करणाऱ्या माणसाची. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कागदावरच्या खुणांतून गोरे लोक एकमेकांशी बोलतात एवढंच त्याने पाहिलं होतं. आधी तो शब्दागणिक एक खूण करायला निघाला आणि खुणांचा ढीग झाला. त्याच्या बायकोने तो ढीग जाळून टाकला म्हणे. मग त्याच्या ध्यानात आलं की शब्द अगणित असले तरी उच्चारांचे तुकडे मोजकेच आहेत. १८२१ मध्ये लिपी तयार झाली. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने आपल्या लहानग्या मुलीला, अयोकाला, लांब उभं केलं, लोकांनी सांगितलेलं लिहून काढलं आणि तिच्याकडून वाचून घेतलं. अक्षरं होती ८६, त्यातलं एक पुढे गळलं.

म्हणजे ही एका परीने बाराखडीच. फरक असा, की आपल्याकडे 'क'ला काना दिला की 'का' होतो, इथे 'का' आणि 'की' यांचं तोंडही एकमेकांशी जुळत नाही. तरीही मराठी माणसाला व्यंजन आणि स्वर एका घासात घ्यायची सवय असते. चेरोकी नेशनच्या ऑनलाइन फुकट वर्गात नाव घातलं आणि तीन आठवड्यांत ८५ अक्षरं पाठ केली. वर्गातल्या अमेरिकनांपुढे थोडी ताठ बसायला लागले, हे कबूल करते.

आणि एक गोष्ट कळली तेव्हा तर फारच गंमत वाटली. या लिपीत छापलेलं 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथून २१ फेब्रुवारी १८२८ ला निघालं, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. आमच्या सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं ते ६ जानेवारी १८३२ ला, मराठी आणि इंग्रजीत. चेरोकी आपल्या चार वर्षं पुढे होते. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण?

आजींच्या घरी कपाटात त्यांच्या वडिलांचा चेरोकी नवा करार होता. कातडी बांधणीचा, कडा उंदराने कुरतडलेल्या. मी उत्साहाने उघडला आणि अक्षर लावत लावत एक ओळ वाचली. अर्थ शून्य. आजी वॉकर धरून उभ्या होत्या, तशाच थांबल्या. म्हणाल्या, "परत वाच." परत वाचलं. त्यांनी तीच ओळ म्हटली, पण ती वेगळीच ऐकू आली. कुठे सूर चढला, कुठे स्वर लांबला, कुठे श्वास मध्येच अडला. लिपीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ज्याला भाषा येते त्यालाच नीट वाचता येईल अशी ती लिपी आहे. त्यांनी मला 'आमा' शब्द दोनदा म्हणून दाखवला. एकदा पाणी, एकदा मीठ. लिहायला दोन्ही सारखेच. मला फरक ऐकू येईना.

गंमत अशी की आजींना ती लिपी वाचता येत नव्हती. पुष्कळ अस्खलित बोलणाऱ्यांना येत नाही, हे नंतर कळलं. वडील वाचायचे, चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचे. आजींनी ती कानांनी पाठ केली. म्हणजे मला वाचता येत होतं पण कळत नव्हतं, त्यांना कळत होतं पण वाचता येत नव्हतं. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पांगळेपणा त्यांच्याकडे तात्पुरता होताच. आंधळी कोण, ते वेगळं सांगायला नको.

२. हात-पाय हलत असले की शब्द बसतात

पाय सरळ ठेवून वर उचलायचा, दहा आकडे धरायचा, खाली. या व्यायामाला सगळेच पेशंट कंटाळतात. आजी इंग्रजीत मोजताना पाचाच्या पुढे लबाडी करायच्या, एकदम 'टेन'. मी म्हटलं, तुमच्या भाषेत मोजा. साक्वु, ताली, जोइ, नंगि, हिस्गि, सुदाली, गलिक्वोगी, चुनेला, सोनेला, स्गोही. आता लबाडी करता येईना, कारण मी मागून म्हणत होते आणि माझं चुकलं की त्या पहिल्यापासून सुरू करायच्या. पाय हवेतच.

दहा आकडे मला दोन भेटींत आले. ऑनलाइन वर्गात तेच आकडे सहा वेळा लिहून काढले होते, टिकले नव्हते. पुढे 'ऊठ', 'बस', 'थांब', 'हळू' असेच आले. माझं सगळं चेरोकी आज्ञार्थी आहे. गप्पा मारायला ते कमी पडतं. कुत्र्याला शिकवायला पुरेल.

३. गप्प बसण्यातही माया असते

आजींना चार मुलं. एकालाही चेरोकी बोलता येत नाही. पाच-सहा भेटींनंतर मी विचारलं, का? विचारायला नको होतं असं विचारून झाल्यावर वाटलं.

आजी १९४० च्या सुमाराच्या. त्यांच्या लहानपणी या डोंगरातल्या वस्त्यांत मुलं घरी चेरोकीच बोलत. सहाव्या वर्षी शाळेत गेल्या तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता. तहान लागली म्हणून त्यांनी त्यांच्या भाषेत पाणी मागितलं. बाईंनी कपडे धुण्याच्या साबणाने तोंड धुतलं. "पाणी मिळालं," आजी म्हणाल्या, "साबणाचं." आणि हसल्या. मी हसले नाही.

पुढे मुलं झाली तेव्हा नवरा-बायकोंनी ठरवलं की मुलांशी इंग्रजीच बोलायचं. तंटा नको की शिक्षा नको. चेरोकी फक्त दोघांत, आणि मुलांना कळू द्यायचं नसेल तेव्हा. मुलांना म्हणून काय आलं? आई-बाप पैशांचं बोलतायत की आजारपणाचं, एवढं सुरावरून ओळखायला आलं.

लोक चेरोकींबद्दल बोलताना १८३८-३९ च्या अश्रूंच्या वाटेवर थांबतात. सुमारे सोळा हजार माणसं जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनातून हाकलली गेली, अंदाजे चार हजार मेली. थांबायलाच हवं तिथे. पण भाषा त्या वाटेवर मेली नाही. ती माणसांबरोबर चालत इथवर आली. १८४४ मध्ये टॅलेक्वात त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र काढलं. त्यांची स्वतःची न्यायव्यवस्था होती, स्वतःच्या शाळा होत्या. (१८५१ मध्ये उघडलेल्या त्यांच्या स्वतःच्या मुलींच्या विद्यालयात लॅटिन शिकवत, चेरोकी नाही. ही गोष्ट तिथले लोकच कडवटपणे सांगतात.) मग १८९८ चा कर्टिस कायदा आला, १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं, शासन मोडलं, शाळा गेल्या. त्यानंतरचं काम सैनिकांनी केलं नाही. ते केलं साबणाच्या वडीने आणि काळजी करणाऱ्या आयांनी.

मी चौथीत असताना आम्ही पुण्याला आलो. वर्गात मी "खंय" म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. बाई पण. घरी येऊन रडले. आईने दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी मालवणी बंद केली. माझी आजी कुडाळहून आली की मालवणीत बोलायची, मी 'शुद्ध' मराठीत उत्तर द्यायची. ती गेली तोवर हेच चाललं. मालवणी मला सगळी कळते. बोलता येत नाही. माझ्या तोंडाला कुणी साबण लावला नव्हता, त्यामुळे ही तुलना मी आजींपुढे कधी केली नाही. इथे करते आहे.

४. व्याकरणात माणसं राहतात

हे कलम लांबणार, कारण यात मला सगळ्यात जास्त मजा आली.

आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. "आम्ही जेवायला चाललो" म्हटलं तर ऐकणाऱ्याने उपाशी राहायचं, "आपण" म्हटलं तर त्याने चप्पल घालायची. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. चेरोकीत मात्र चार. तू आणि मी. तो आणि मी, तू नाहीस. तुम्ही सगळे आणि मी. ते सगळे आणि मी, तुम्ही नाही. आणि हे वेगळे शब्द नव्हेत, क्रियापदाच्या पोटातच ते ठरलेलं असतं. वर्गातले अमेरिकन डोकं धरून बसले होते. मला वाटलं, संस्कृतच्या बाईंनी द्विवचन घोकून घेतलं ते बत्तीस वर्षांनी ओक्लाहोमात उपयोगी पडलं.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. पेशंटला "आज आपण कसे आहोत? आपण जरा चालू या का?" असं म्हणायचं. आजी एकदा म्हणाल्या, "आमच्या भाषेत असं गुळमुळीत चालत नाही. कोण चालणार, तू आणि मी, की हॉस्पिटलवाले सगळे येणार आहेत?"

दुसरी गोष्ट 'म्हणे'ची. पाऊस पडला, आणि पाऊस पडला म्हणे. आपण 'म्हणे' लावलं तर लावलं, नाही तर नाही. चेरोकीत घडून गेलेल्या गोष्टीच्या क्रियापदाला शेपूट लावतानाच ठरवावं लागतं, हे मी स्वतः अनुभवलं की कुणाकडून कळलं. सिक्वोयाची बायको, जाळलेला ढीग, हे सगळं 'म्हणे'च्या शेपटीने. अश्रूंच्या वाटेवर आजींच्या पणजीचं काय झालं, तेही. मी एकदा विचारलं की साबणाची गोष्ट चेरोकीत कशी सांगाल? त्यांनी एका वाक्यात सांगितली. मला शब्द कळले नाहीत, पण शेपूट ओळखू आलं. स्वतः पाहिल्याचं होतं.

आणि तिसरी गोष्ट वस्तू देण्या-घेण्याची. "ते दे" असं नुसतं म्हणता येत नाही. जी वस्तू द्यायची ती कशी आहे यावर क्रियापद बदलतं. जिवंत असेल तर एक, लवचीक असेल तर दुसरं, लांब आणि ताठ असेल तर तिसरं, द्रव असेल तर चौथं, आणि आटोपशीर, गोळीबंद असेल तर पाचवं. एका सकाळी आजींनी पलंगावर बसून माझी परीक्षा घेतली. टॉवेल दे. काठी दे. गोळ्यांची डबी दे. पेल्यातलं पाणी दे. मांजर दे. माझी उलट बाजूने पाळी आली तेव्हा मी मांजर मागितलं, ते काठीच्या क्रियापदाने. आजी इतक्या हसल्या की टाक्यांची मला भीती वाटली. "मेलं का ते?" म्हणाल्या. मांजर खिडकीत ऊन खात होतं.

तेवढ्या हसण्यात मला पटलं की ही भाषा गेली तर शब्दकोशातून काय परत मिळेल आणि काय नाही. डर्बिन फीलिंग यांचा १९७५ चा चेरोकी-इंग्रजी शब्दकोश मी नंतर घेतला. फार मोलाचं काम आहे. त्यात पाचही क्रियापदं सापडतील. ताठ मांजर कुणाला हसू आणेल, ते त्यात नाही.

५. पैसे लागतात

यावर लांबण लावत नाही. भाषेवर प्रेम करा, असं सांगायला खर्च येत नाही म्हणून ते सगळेच सांगतात. चेरोकी नेशनने तरुण माणसांना पगार देऊन बसवलं. आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षं, म्हाताऱ्या जाणकारांबरोबर, फक्त चेरोकीत. नोकरीसारखी नोकरी. २०२२ मध्ये टॅलेक्वातली जुनी कॅसिनोची इमारत भाषा केंद्र झाली, तिला डर्बिन फीलिंग यांचंच नाव दिलं. ते २०२१ मध्ये गेले. जवळच भाषा येणाऱ्या वृद्धांसाठी घरं बांधली. जुगाराच्या पैशातून भाषा, हे ऐकून माझ्या एका पुणेकर मैत्रिणीने नाक मुरडलं. मी विचारलं, तुमच्या भाषा दिनाचा मांडव कुणाच्या पैशातून? तिने विषय बदलला.

डिसेंबर २०२० मध्ये करोनाची लस आली, तेव्हा पहिल्या रांगेत डॉक्टर-नर्सबरोबर चेरोकी अस्खलित बोलणारे होते. आजींना माझ्याआधी लस मिळाली. "मी आता म्युझियममधली बरणी आहे," त्या फोनवर म्हणाल्या, "फोडायची नाही."

आजींचा मुलीकडचा नातू तेव्हा टायरच्या दुकानात कामाला होता. त्याने त्या पगारी शिकाऊ जागेसाठी अर्ज केला, पहिल्यांदा मिळाली नाही, दुसऱ्यांदा मिळाली. टायरचं दुकान सोडलं ते भाषाप्रेमाने की पाठदुखीने, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, दोन्ही.

६. शाळा सुटल्यावर घरी कोण आहे?

टॅलेक्वात चेरोकी माध्यमाची शाळा २००१ पासून आहे. सुरू झाली ती अगदी लहान मुलांच्या वर्गापासून. नॉर्थ कॅरोलायनात, ईस्टर्न बँडच्या मुलखात, न्यू कीटूवा अकॅडमी आहे. या मुलांना गणित, विज्ञान, सगळंच चेरोकीत शिकायचं तर शब्द हवेत. तिन्ही शासनांचे जाणकार दर तीन महिन्यांनी बसून नवे शब्द घडवतात. आयफोनवर २०१० पासून ही लिपी आहे, जीमेल २०१२ मध्ये चेरोकीत आलं. मुलं एकमेकांना त्या लिपीत मेसेज करतात, हे पाहून मला सिक्वोयाची अयोका आठवते.

नव्या शब्दांवरून आठवलं. फुलपाखराला चेरोकीत 'कामामा' म्हणतात. हत्ती पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचे कान बघून त्यालाही 'कामामा'च म्हणाले. मी आजींना सांगितलं की आमच्याकडे हत्तीचं डोकं असलेला देव आहे, घरोघर बसतो. त्यांनी फोनवर फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. "फुलपाखरू-देव," म्हणाल्या. गणपतीला इतकं हलकं नाव कुणी दिलं नसेल.

पण शाळेचं दुखणं असं की मूल तीन वाजता सुटतं. गाडीत बसतं, आईला चेरोकीत काही विचारतं. आई पंचविशीतली, तिला येत नाही, तिच्या आईलाही येत नाही. "काय म्हणालास, सोन्या?" असं ती इंग्रजीत विचारते. एकदा, दोनदा, दहादा. मग मूल इंग्रजीतच विचारू लागतं. मुलाने बोलणं पुरत नाही, त्याला त्याच भाषेत उत्तर मिळावं लागतं. म्हणूनच तरुणांना पगार देऊन बसवायचं. पाच वर्षांचं मूल आणि पंचाहत्तरीची आजी यांच्यामधली जी फळी गळून पडली आहे, ती बसवायची.

माझी मुलगी टल्सात रविवारच्या मराठी शाळेत जायची. 'ळ' सुंदर म्हणते. घरी मी तिला उत्तर कोणत्या भाषेत देते, ते या कलमात लिहीत नाही.

७. परंपरा स्वयंपाकघरात सापडते, आणि काही परंपरा आपल्याला सापडू नयेत

हिवाळ्यात आजींनी मला कनुची करायला बोलावलं. हिकरीची फळं फोडायची, मोठी टरफलं काढायची, मग लाकडाचा ओंडका पोखरून केलेल्या उखळीत कुटायची. हिकरीला इतकं तेल सुटतं की कुटता कुटता त्याचे लाडू वळता येतात. ते लाडू ठेवून द्यायचे. लागेल तेव्हा गरम पाण्यात विरघळवायचे, टरफलाच्या कण्या गाळून काढायच्या. खाली पांढरट, दाट रस उरतो. त्यात शिजलेला भात आणि साखर. काहीजण भाताऐवजी मक्याचे सोललेले दाणे घालतात. मी पहिला चमचा घेतला आणि कुडाळच्या घरातला नारळाचा रस आठवला. तोच पांढरेपणा, तीच फडक्याची पिळणी.

कुटताना आजी सतत काही ना काही बोलत होत्या. हे जास्त झालं, ते बाजूला कर, कचरा उचल, अजून बारीक. त्यांची मुलगी म्हणाली की आईच्या तोंडून हे शब्द तिने वीस वर्षांत ऐकले नव्हते. ऐकणार कसे? वीस वर्षं कनुची डब्यातली आणलेली होती. वसंतात रानकांदे अंड्यांबरोबर परततात, त्याचंही तेच. वेतासारख्या बारीक वेलांच्या दुहेरी विणीच्या टोपल्या करतात, त्याचंही तेच. काम गेलं की त्या कामाचे शब्द बेकार होतात.

एकदा मी त्यांच्या रात्रीच्या नाचाबद्दल विचारलं. शेकोटीभोवती तो चालतो, बायका पोटऱ्यांना कासवाच्या पाठीत खडे भरून बांधलेले खुळखुळे घालतात, एवढं वाचलं होतं. आजी म्हणाल्या, "चहा आणखी घेशील?" मी आणखी चहा घेतला. पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या लोकांकडून इतकं काही नेलं गेलं आहे की जे उरलंय त्यातलं काही दाराआड राहावं, हे मला बरोबर वाटतं. इथे मी त्याबद्दल एवढंच लिहिलं आहे.

८. उशीर झालेला असतोच

एका रविवारी कुडाळला आत्याला फोन लावला. वय ८४. ती नेहमीसारखी म्हणाली, "जेवलंस गो?" मी नेहमीसारखी 'हो आत्या, तुम्ही?' म्हणणार होते. त्याऐवजी म्हटलं, "जेवलंय. तुया?"

पलीकडे शांतता. मग आत्या कुणाला तरी म्हणाली, "ह्यां कोण बोलता बघ रे, माका आवाज वळखाक येना."

९. भांडता यायला हवं

मागच्या उन्हाळ्यात आजींकडे गेले. आता त्या पेशंट नाहीत, काठीशिवाय चालतात, मी ऐकायला जाते. नातवाची दोन वर्षं पुरी झाली आहेत, तो आता लहान मुलांना शिकवतो. दारात पोचले तर आत मोठमोठ्याने आवाज. घाबरून थांबले. त्यांची मुलगी ओट्यावर बसली होती, तिने ओठांवर बोट ठेवलं.

आत आजी नातवावर भडकल्या होत्या. तो मागे हटत नव्हता. आजी एक वाक्य म्हणायच्या, तो दोन म्हणायचा. मध्येच त्यांनी त्याचं क्रियापद दुरुस्त केलं, त्याने ते दुरुस्त करून तेच पुन्हा ऐकवलं, आणि भांडण पुढे चालू झालं. सगळं चेरोकीत. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा गेल्यापासून या घरात तिच्याशी कुणी भांडलं नव्हतं." तिलाही भांडण कशावरून ते कळत नव्हतं. तिने मला विचारलं, तू शिकतेस ना, काय चाललंय सांग.

मी कान देऊन ऐकलं. चुलीवर काहीतरी उकळत होतं, आणि भांडण त्याच्याबद्दलच असावं. "थ्ला," आजी म्हणत होत्या. म्हणजे नाही. आणि पुन्हा पुन्हा 'आमा', 'आमा'. ते जास्त झालं होतं, की घालायचं राहिलं होतं.

"आमा म्हणतायत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"पाणी," मी म्हटलं. "नाहीतर मीठ."